खेळाची वहिवाट

वाशिष्ठीची खाडी जेथे समुद्रास मिळते तेथे, दाभोळच्या समोरच्या काठावर, आमचे अंजनवेल गाव आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ते दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. पहिली गोष्ट गावाच्या माथ्यावरचा गोपाळगड: आदिलशाहीत उभा राहिलेला, शिवछत्रपतींच्या स्वराज्यात आलेला, पुढे सिद्दीच्या हाती पडलेला, तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून जिंकून ज्याला आजचे नाव दिले तो, नंतर पेशव्यांचा आणि १८१८ साली इंग्रजांचा झालेला. दुसरी गोष्ट म्हणजे ‘अंजनवेलची वहिवाट’ या नावाने संशोधकांच्या परिचयाचे असलेले जुने टिपण. मी महसूल खात्यात उमेदवारीपासून अव्वल कारकुनीपर्यंत चाकरी केली असल्यामुळे असल्या कागदांविषयी मला जिवाभावाची ओढ आहे. अंमल कोणाचा, सुभा कोणाकडे, ठाण्यात शिबंदी किती, वसूल कसा, हे सारे आपल्या पूर्वजांनी मोठ्या निगुतीने लिहून ठेवले, म्हणून तर आज आपल्याला तीनचारशे वर्षांपूर्वीचा हा मुलूख डोळ्यांपुढे आणता येतो. पण भाताची कापणी होऊन मळा मोकळा झाला की दिवेलागणीपर्यंत गावची पोरे त्यात काय खेळत होती, हे मात्र कोणत्याही रुमालात बांधलेले सापडत नाही.

हा प्रश्न मला पडू लागला तो फुटबॉलच्या इतिहासाची पुस्तके वाचू लागल्यापासून. नोकरीची उमेदीची वर्षे कोल्हापुरात गेली, तेथे हा खेळ पाहण्याचे वेड लागले, आणि निवृत्त होऊन गावी परतताना सामानात जी पुस्तकांची पेटी आली तिच्यात बहुतेक पुस्तके या एकाच विषयाची होती. आर्थर हॉपक्राफ्ट यांचे १९६८ सालचे ‘द फुटबॉल मॅन’. टॉटनहॅमच्या खेळाडूंबरोबर एक संपूर्ण हंगाम काढून हंटर डेव्हिस यांनी लिहिलेले ‘द ग्लोरी गेम’. ज्यात एका आर्सेनलभक्ताने स्वतःचे आयुष्य सामन्यांच्या तारखांवर मोजले आहे ते निक हॉर्नबी यांचे ‘फीवर पिच’. डेव्हिड गोल्डब्लाट यांचा ‘द बॉल इज राउंड’ हा हातात धरवणार नाही एवढा जाडजूड ग्रंथ. आणि दिल्लीच्या खालसा महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या नोवी कपाडिया यांनी भारतीय फुटबॉलवर २०१७ साली प्रसिद्ध केलेले ‘बेअरफूट टू बूट्स’. या लेखकांची प्रकृती भिन्न, हेतू भिन्न. परंतु सामन्याचा निकाल हा त्यांच्या लेखी सर्वांत लहान मजकूर आहे. मैदानाच्या भोवती कोण राहत होते, ते दिवसभर कोणत्या कारखान्यात राबत होते, शनिवारच्या दुपारी सुट्टी मिळाल्यावर ते कोणत्या गल्लीतून चालत मैदानाकडे येत, वडिलांचा संघ मुलाचा कसा होई, याचा शोध घेणे हे त्यांना इतिहासकाराचे काम वाटते, आणि मला वाटते, ते खरोखरच आहे.

या पुस्तकांत वारंवार येणारी एक गोष्ट माझ्यातल्या कारकुनाच्या मनात घर करून बसली आहे. लंडन शहरातील फुटबॉलचा जो जुन्यातला जुना लेखी पुरावा दाखवला जातो, तो १३१४ सालचा आहे, आणि तो मनाई-हुकूम आहे. या खेळापायी शहरात मोठा कल्लोळ माजतो, सबब तो खेळू नये, खेळल्यास कैदेची शिक्षा, असा जाहीरनामा महापौराने राजाच्या नावाने काढला, आणि तो दप्तरी राहिला म्हणून आज आपल्याला कळते की त्या काळी लंडनच्या रस्त्यांत माणसे चेंडूमागे धावत होती. धावणाऱ्यांपैकी एकाचेही नाव उरले नाही. बंदी घालणाऱ्याचे उरले. पुढे साडेपाचशे वर्षांनी, १८६३ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या एका खानावळीत काही मंडळी जमली, त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन करून खेळाचे नियम लिहून काढले, आणि तेव्हापासून खेळाला स्वतःचे दप्तर मिळाले. मग एकेक संघ आपापल्या वस्तीतून उगवला: एव्हर्टन एका चर्चच्या आवारातून, मँचेस्टर युनायटेड न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांतून, आर्सेनल वुलिचच्या तोफखान्यातून, वेस्ट हॅम टेम्स नदीवरच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातून, आणि ग्लासगोचा सेल्टिक गरीब आयरिश मुलांच्या अन्नासाठी निधी उभारण्याच्या खटपटीतून. या प्रत्येक संघावर आज कपाट भरेल एवढी पुस्तके आहेत.

आपल्याकडे हा खेळ गोऱ्या पलटणींच्या सामानाबरोबर आला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची, मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ ची; पहिल्या वर्षीचा रोव्हर्स वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला आणि त्यानंतर किती तरी वर्षे तो एका पलटणीकडून दुसरीकडे फिरत राहिला. मुंबईत १९०२ साली हारवुड लीग सुरू झाली, १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि पुढे ज्या मैदानाशी मुंबईच्या फुटबॉलचे नाव कायमचे जोडले गेले त्या कूपरेजला, लाकडी पिंपे घडवणाऱ्या कारागिरांच्या जुन्या जागेवरून पडलेले नाव तसेच राहिले. त्याच १९११ च्या जुलैत कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. बंगालने त्या दिवसाची आठवण किती प्रकारांनी जपली आहे, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. तोच मोहन बागान १९२३ साली मुंबईस येऊन रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला; तो चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान १९३७ साली बंगळूर मुस्लिम या संघाकडे गेला, आणि १९५० पासून लागोपाठ पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांनी कोणाला दिला नाही.

या साऱ्यात आमचा कोकणी माणूस कोठे होता? तो गिरणीत होता. लालबाग-परळच्या चाळींत गावोगावच्या मंडळांच्या खोल्या करून राहणारा रत्नागिरी जिल्ह्याचा चाकरमानी ज्या गिरण्यांत, गोद्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपांत राबत होता, त्यांपैकी काहींनी पुढे आपापले फुटबॉल संघ बाळगले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, दोन्ही रेल्वे यांची नावे मुंबईच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे गाजली, आणि १९५८ साली तर कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघाने रोव्हर्स चषकच जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी स्वतंत्र भारताचा जो पहिला संघ निवडला गेला, त्यात मुंबईचे रामचंद्र परब होते. परब हे आडनाव ऐकल्यावर तळकोकणातल्या कोणाही माणसाला आपल्या वाडीचा रस्ता आठवावा, इतके ते आपले आहे. १९५६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारून भारताला उपांत्य फेरीत नेणारे नेव्हिल डिसोझा हेही मुंबईचेच. पण परबांचे चरित्र मराठी शाळेतल्या एखाद्या मुलाच्या हाती द्यावे म्हटले, तर माझ्या पेटीतून ते मला काढून देता येत नाही.

गोव्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगणारे गोव्यात पुष्कळ आहेत. तेथे १८८३ साली शिवोलीस आलेल्या विल्यम लायन्स या पाद्र्याने मुलांना हा खेळ शिकवला असे मानतात. पुढे गावोगावच्या चर्चपुढच्या पटांगणांत तो रुजला, त्यातून साळगावकर, धेंपे यांसारखे संघ देशात अग्रेसर झाले, आणि ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. तेथे चर्चने जे केले, ते कोल्हापुरात तालमीने केले, आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः कोल्हापूरचेच आहे.

तालीम हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. पण कोल्हापुरात त्याचा अर्थ पेठेचे मर्मस्थान असा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली बांधून घेतले, पेठापेठांतल्या तालमींना जे तेज आणले, त्याचा हा परिणाम की जेव्हा फुटबॉल शहरात आला तेव्हा त्याला राहण्यासाठी घर तयार होते. लाल मातीत घुमणारी पोरेच संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, छत्रपती घराण्याचा आश्रय या खेळालाही लाभला, आणि पुढे शाहू स्टेडियम हे या साऱ्या तालमींचे सामाईक अंगण झाले. त्यांची नावे एकदा सावकाश वाचून पाहावीत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. एका नावात पाण्याचा पाट आहे, एकात फारसी वसंत आहे, एकात जेजुरीचा देव आहे, एकात महादेवाचे देऊळ आहे, आणि एकात इंग्रजी शब्द असा बसला आहे की तो परका आहे हे पेठेतल्या आजीबाईंनाही जाणवत नाही. या मुलखावर कोणकोणत्या भाषांचा अंमल होऊन गेला, याची एवढी चांगली यादी मी कोणत्याही कचेरीत पाहिली नाही.

नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर गेलो तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. दोन पेठांचा सामना होता. दुपारपासून दुकानांच्या फळ्या लागू लागल्या, कचेरीतले दोन शिपाई अर्ध्या रजेचा अर्ज देऊन गेले, आणि मैदानात शिरताना एका गृहस्थांनी मला विचारले, “कुठल्या पेठंचं, पाव्हणं?” मी म्हणालो, कोकणातला आहे. त्यावर ते क्षणभर विचारात पडले आणि माझा हात धरून मला आपल्या बाजूच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. कोणत्याच पेठेचा नसलेला माणूस तेथे उभा राहू शकतो, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. हलगी कडाडत होती. पुढच्या पायरीवर एक म्हातारबाबा डोक्याचा पटका सोडून मांडीवर ठेवून बसले होते, आणि चेंडू गोलाकडे गेला की तो पटका दोन्ही मुठींत आवळत. पहिल्या अर्ध्यापर्यंत त्याची दोरी झाली होती. त्यांच्याकडील फॉरवर्डने दोघांना कट मारून चेंडू जाळ्यात घातला तेव्हा ते उठले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त शेजारी बसलेल्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ह्याचा आज्जा बी असाच मारायचा.” त्या एका वाक्यात तीन पिढ्यांचा इतिहास होता, आणि तो लिहून घेणारे तेथे कोणी नव्हते. मीही तेव्हा घेतला नाही, याची खंत मला आहे.

पुढे ओळखी वाढल्या आणि एका तालमीच्या खोलीत मला प्रवेश मिळाला. आत शेंदूर लावलेला मारुती, भिंतीला टेकवलेल्या जोड्या आणि मुद्गल, कोनाड्यात एक जुना फुटबॉल. हल्लीच्या चेंडूसारखा गुळगुळीत नव्हे. जाड चामड्याच्या पट्ट्या हाताने शिवलेल्या, आत रबरी ब्लाडर, आणि तोंड आवळायला चामड्याची वादी. पावसाने भिजला की तो दुप्पट जड होई, आणि वादीच्या गाठीवर कपाळ आपटले तर रक्तच येई; एका वयस्क खेळाडूने मला भुवईवरचा व्रण दाखवला आणि त्या सामन्यात समोर कोण होते ते सांगितले. मग पत्र्याची एक पेटी काढण्यात आली. तीत सामन्यांची हस्तपत्रके होती, वर्गणीच्या पावत्या होत्या, बूट दुरुस्त केल्याबद्दल चांभाराला दिलेल्या पैशांचा कागद होता, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले संघाचे एक छायाचित्र होते: मागे सहा उभे, पुढे पाच बसलेले, मधल्याच्या पायाशी चेंडू. पाठीमागे शाईने नावे लिहिली होती. कसरीने त्यांतील निम्मी खाल्ली होती. पेटीभोवती जमलेल्या जुन्या मंडळींनी चेहरे ओळखायला सुरुवात केली. सात ओळखले गेले, तेही बहुतेक टोपणनावांनी. उरलेल्या चौघांवर बराच वाद झाला, कोणी घरी जाऊन भावाला विचारून आला, पण ती चार माणसे शेवटपर्यंत निनावीच राहिली. ती सारी त्याच पेठेत जन्मली, तेथेच वारली, त्यांची नातवंडे आज त्याच स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसतात.

याच्या उलट कोल्हापूरच्या फुटबॉलचे कोणते कागद सरकारदरबारी नीट जपले जातात, तर भांडणाचे. समर्थकांत बाचाबाची झाली, दगड पडले, सामना थांबवावा लागला, की पंचनामा होतो, जबाब होतात, बंदोबस्ताचे हुकूम निघतात, आणि ते सारे तारीखवार दाखल होते. हुल्लडबाजीचे समर्थन मी करणार नाही. पेठेच्या प्रेमाने दुसऱ्याच्या पोराचे डोके फोडणाऱ्याला खेळातले काही कळले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु शंभर वर्षांनी कोणी संशोधक कोल्हापूरच्या रसिकतेचा इतिहास लिहू लागला आणि त्याला हाती फक्त पंचनामेच लागले, तर तो या लोकांविषयी काय लिहील? १३१४ च्या लंडनचे जे झाले तेच आपले होईल. आमच्या अंजनवेलीचाही अनुभव निराळा नाही. या गावाच्या हद्दीत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात वीजप्रकल्प आला, त्यावर कज्जे झाले, मोर्चे झाले, करार मोडले, आणि त्याचे कागद मुंबई-दिल्लीपासून परदेशापर्यंत पसरले आहेत. त्याच काळात गावच्या मुलांनी कोणत्या मळ्यात कोणते खेळ खेळले ते विचारायला मात्र कोणी आले नाही. वादाला कागद आपोआप मिळतो. आनंदाला तो कोणी तरी मुद्दाम द्यावा लागतो.

रोव्हर्स चषक चालू शतकाच्या आरंभी बंद पडला. ज्या गिरण्यांच्या नावांनी कूपरेज दुमदुमत असे त्या गेल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. संघांची ढाली-चषकांची कपाटे कोठे गेली ते त्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांना माहीत असण्याचे कारण नाही. कोल्हापूर मात्र जिवंत आहे. तेथल्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. शाहू छत्रपती लीग भरते. विश्वचषकाच्या वर्षी चौकाचौकांत मेस्सी आणि रोनाल्डो यांची माणसाच्या चारपट उंच चित्रे उभी राहतात, आणि तालमींच्या संघांत नायजेरियाहून आलेले खेळाडू पेठेच्या नावाने घाम गाळतात. जेथे खेळ मेला तेथे इतिहास लिहिणे हे श्राद्ध घालण्यासारखे. जेथे तो चालू आहे तेथे लिहिणे हे वंशावळ पुरी करण्यासारखे आहे, आणि ती विचारून पुरी करता येईल अशी माणसे आज हयात आहेत.

इंग्लंडातील संघांचे इतिहास काही विद्यापीठांनी आधी लिहिले नाहीत. पुष्कळ ठिकाणी एखादा शाळामास्तर, एखादा छापखान्यातला जुळारी, एखादा निवृत्त टपालवाला यांनी प्रथम सामन्यांच्या तारखा गोळा केल्या, जुन्या वर्तमानपत्रांतून निकाल उतरून काढले, म्हाताऱ्या खेळाडूंच्या घरी जाऊन बसले. मग त्या याद्यांवर मोठ्या लेखकांचे ग्रंथ उभे राहिले. हे काम कोल्हापुरात, मिरज-सांगलीत, पुण्याच्या छावणीत, मुंबईच्या उपनगरांत कोणाही चिकाटीच्या माणसाला करता येण्याजोगे आहे. त्याला विद्वत्ता लागत नाही. वही लागते, वेळ लागतो आणि माणसांविषयी आदर लागतो.

मी हे लिहीत बसलो आहे ती ओसरी गोपाळगडाच्या उतारावर आहे. वरती तटाच्या आत आंब्याची कलमे, खाली खाडीत दाभोळकडून येणारी फेरीबोट, आणि समोरच्या कापलेल्या खाचरात आमच्या वाडीची मुले खेळत आहेत. एकाच्या पाठीवर मेस्सीचे नाव आहे, दोघे अनवाणी आहेत, गोलाच्या जागी दोन नारळ ठेवले आहेत. गेल्या वर्षीपासून मी एक वही घातली आहे. दर रविवारी कोण कोण खेळले, कोणी किती गोल मारले, चेंडू कोणी आणला, एवढेच तीत लिहितो. पहिल्या पानावर सोळा नावे आहेत, आणि ती पूर्ण, वडिलांच्या नावासह आहेत.

ज्या वाचकांच्या घरी, तालमीत, मंडळाच्या खोलीत किंवा चाळीच्या माळ्यावर जुन्या संघांची छायाचित्रे, हस्तपत्रके, पावत्या पडून असतील, त्यांनी कृपा करून याच आठवड्यात ती खाली काढावीत, ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यामागे पेन्सिलीने पूर्ण नाव लिहावे, ओळखू न येणाऱ्यांसाठी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ जाऊन बसावे, आणि मग ते कागद कोरड्या फडक्यात बांधून, वर साल घालून ठेवून द्यावेत.